रकाना आठवा

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात
वीत्स्केने माळ्यावरचं शेवटचं खोकं खाली काढलं.
रॉटरडॅम, शहाऐंशी.
परदेशी रहिवाशांना पालिकेचं मत
पहिल्यांदा मिळालं, त्या वर्षीचं.
पिना गंजलेल्या. पेन्सिलीच्या खुणा मात्र
अजून तिच्याच हातच्या.

एक ते पाच : फार विश्वास ते मुळीच नाही.
आठ : सांगता येत नाही.

प्रबंध, दोन पुस्तकं, प्राध्यापकी,
लिस्बनपासून ओस्लोपर्यंत भाषणं,
आणि प्रत्येक तक्त्याच्या तळाशी तीच बारीक टीप :
आठवाले वगळले आहेत.

प्रश्नावली दोनशे चौदा.
नाव लिहायचं नसतं, पण तिला आठवतं :
झुल्मिरा एव्होरा, केप व्हर्देची,
नवरा बोटीवर, स्वतः रात्री कचेऱ्या पुसणारी.
पालिकेत तुमचं कोणी ऐकेल असं वाटतं?
आठ.
शेजाऱ्यांशी राजकारण बोलता?
आठ.
पानभर आठ, आठ,
कुणी दोरीला गाठी मारत गेल्यासारखे.

समासात तिचंच अक्षर, तीच विसरलेली :
बाईंनी आधी खिडकी लावली.
मग विचारलं, हे कोणाला दाखवणार?
मी म्हटलं, कोणालाच नाही.
मग विचारतेस कशाला, म्हणाल्या,
आणि मासा तळायला घेतला.

वीत्स्केच्या भाषेत मत आणि आवाज
यांना शब्द एकच.
किती सहज उच्चारायची ती तो,
दारोदार, पंचविशीत,
खिडकी का लावायची असते हे ठाऊक नसताना.

त्या मार्चात शाळेच्या व्यायामशाळेत
ती रांगेतली डोकी मोजत बसली होती.
झुल्मिरा आली रात्रपाळीवरून थेट,
हाताला फिनेलचा वास.
उशीच्या अभ्र्याएवढी मतपत्रिका, दोऱ्याला बांधलेली लाल पेन्सिल.
आडोशामागे इतका वेळ
की मागचा म्हातारा दोनदा खाकरला.
बाहेर आली ती वीत्स्केकडे न बघता.
मोजणीत : एक.

"आता आठ ठेवतच नाही आम्ही," एर्दाल म्हणाला,
खोकं उचलायला आलेला तिचा शेवटचा विद्यार्थी.
"उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."
कागद फाडायचं यंत्र तळमजल्यावर. नियम तिनेच केलेला.

ती समास पुन्हा वाचते.
सगळं लिहिलंय गं,
मासा कुठला होता तेवढं नाही.