रंग सांग

उद्यमनगरात दस्तगीरनं ड्रम कापला,
बाजूला जाळाची पेटी जोडली, वर धुराची नळी.
वेल्डिंगची शिवण अजून निळी-जांभळी.
माझ्या धाब्यासाठी. धाकटा हसला:
चूल काय वाईट होती?
हिंदुरावमामा हसला नाही.
शेडमागं घमेलं उपडं टाकून पेटीच्या तोंडाशी बसला,
क्युपोलापुढं एकतीस वर्षं बसला तसा.

आधी नुसती बाभळ. जळू दे.
मटण अजून बाहेर आहे, घाई कुणाला?
ओंडके फुटून, कोसळून
वीतभर लाल थर बसला की त्याला म्हणायचं विस्तव.
तोवर नुसती जाळाची फुशारकी.

दहाला बोकडाची मांडी आत, झाकण बंद.
झाकण उघडायचं नाही.
मी उघडलं.
बघून शिजतंय व्हय रे?

लाकूड मनगटाएवढं, एका वेळी एकच,
पेटीवर ठेवून आधी शेकलेलं.
थंड लाकूड टाकलं की निखारा रुसतो,
धूर पांढरा येतो, कडू,
घास औषधासारखा लागतो.
राख खरवडायची, पण सगळी नाही.
झडप दोन बोटं. पंचगंगेकडनं वारा सुटला तर एक.
हे तो मला सांगत नव्हता,
निखाऱ्यांना सांगत होता,
मी फक्त मध्ये बसलेलो.

मला एवढंच विचारायचा, दर पाऊण तासानं:
धुराचा रंग सांग.
पांढरा, म्हटलं की झडप हलवायचा.
निळसर, दिसतोय न दिसतोय, म्हटलं की बिडी काढायचा.
मला वाटलं, परीक्षा घेतोय.

साडेतीनला त्यानं ढलपीसाठी हात घातला
आणि माझी चप्पल उचलून
पेटीवर शेकायला ठेवली.

मी बोललो नाही.
हळूच काढून घेतली, तिथं बाभूळ ठेवली.
भट्टीच्या भोकातून पांढरं लोखंड बघत
डोळे कधी संपवले ह्यानं?
घरात कुणालाच कसं कळलं नाही?

तो तळवा पेटीसमोर धरून मोजत होता,
चार, पाच, सहा.
सहाला हात मागं. बरोबर हाय.

पहिल्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा
पुन्हा म्हणाला, रंग सांग.
धूर जवळजवळ नव्हताच.
नळीच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती,
तिच्यातून पलीकडचा पत्रा वाकडा दिसत होता.
ह्याला काय म्हणायचं, मी शोधत राहिलो,
आणि तो थांबून राहिला
तोंड माझ्याकडं करून,
हातात शेकलेली ढलपी.