पाणी तापलं

ग्रिम्सबीत फेब्रुवारीचा वारा
थेट गोदीवरून येतो, अंग न पुसता.
मेथडिस्ट हॉलचा हीटर नुसताच खोकतो.
आम्ही नऊ जण, गळ्यात कॉफीच्या फिल्टरांच्या
चुणीदार कॉलर, टाचण्यांसकट.
आणि अँब्रोज टपलिन, ज्याने चाळीस वर्षं
माशांच्या पेट्या मोजल्या नि आता अक्षरं मोजतो.

टीव्हीवर बावीस वर्षं चाललेली ती लाँड्रीची मालिका
त्याने पाच अंकांत बसवली आहे,
चारशे वर्षांपूर्वीच्या थाटात.
लाँड्रीचा मालक आता ड्यूक.
त्याचा मेलेला भाऊ भूत होऊन
चार नंबरच्या ड्रायरमधून निघतो, वाफेसकट.
भाडं थकवणारा जावई कट रचतो,
प्रेक्षकांकडे वळून तो सांगतोही,
आणि शेजारीच उभ्या सासूला काही ऐकू येत नाही,
कारण तशी रीत आहे.
पत्र्याचा तुकडा हलवला की वादळ.

मी विंगेत. हातात टॉर्च, मांडीवर वही.
कोणी अडखळलं की ओळ पुरवायची,
एवढंच माझं काम.

नोकराणी करणारी फिलिपा तापाने पडली,
म्हणून हॉल झाडणाऱ्या बेरिल स्किपवर्थला उभं केलं.
एकच वाक्य: “धनी, पाणी तापलं.”
ते ती म्हणाली. मग झाडू तसाच धरून विचारलं,
“ड्यूक बोलतो तेव्हा ठेका लागतो.
माझ्या तोंडी का नाही?”

“त्या काळची रीत,” अँब्रोज म्हणाला,
“थोरांना छंद, नोकरांना गद्य.”

“माझी आई हेरिंग साफ करायची,” बेरिल म्हणाली,
“मिनिटाला चाळीस.
गद्यात जमतं होय ते?”

आम्ही हसलो. अँब्रोज नाही.
रात्री बस स्टॉपवर दिसला तेव्हा हातमोजा काढून
बोटांवर काहीतरी मोजत होता.
दोन बस सोडल्या त्याने.

पुढच्या गुरुवारी कागद आणला,
कोपऱ्यात चिप्सच्या तेलाचा डाग:

पाणी तापले, तरी ओतले.
धन्यांच्या बाहीवरचा डाग
कशाचा, मी विचारत नाही.
रक्त थंड पाण्याने निघते.
ड्यूकला हे ठाऊक नसते,
मला असते. म्हणून गप्प.

बेरिलने दोनदा वाचलं. “हं,” म्हणाली,
आणि कागद एप्रनच्या खिशात घातला.

प्रयोगाला एकेचाळीस माणसं नि एक कुत्रा.
भूत ड्रायरच्या दारात अडकलं;
लोकांना वाटलं, नाटकातच तसं आहे.
मग बेरिल आली. बादली ठेवली.
न घाबरता म्हणत गेली
“ड्यूकला हे ठाऊक नसते” इथवर,
आणि थांबली.

ओळ माझ्या वहीत होती.
टॉर्चचं पिवळं वर्तुळ नेमकं तिच्यावर.
माझं तोंडही उघडलं होतं.
समोरच्या विंगेत अँब्रोजची बोटं
एकेक करून मिटत होती,
पाच, सहा, सात,
आणि हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं,
हीटरसुद्धा.

मी टॉर्च विझवला.

नंतर विचारलं तिला, विसरलीस की मुद्दाम?
ती कॉलर गोळा करून
काळ्या पिशवीत कोंबत होती.
“खुर्च्या उचल,” म्हणाली,
“दहाला कुलूप लावायचंय.”