वाटा

अल कामिलच्या पुढे, डांबर संपतं
आणि आमची पाइपलाइन सुरू होते तिथे
समुरची झाडं आहेत, आपल्या बाभळीच्या गोतातली.
त्यांच्यामागे सरकारी कुंपण,
कुंपणामागे हरणं.
मी स्टोअरकीपर. माझ्या वहीत इलेक्ट्रोड, हातमोजे, नटबोल्ट.
हरणांना रकाना नाही.

जामसिंग वळवीनं धनुष्य केलं ते बोरीच्या फांदीचं.
म्हणाला, धडगावला असतो तर बांबूचं केलं असतं,
दोरीसुद्धा बांबूच्या सालीची.
हे नायलॉन फार ओरडतं,
बाणाच्या आधी जनावराला कळतं.
बाणांची टोकं शंबे बलुचानं ग्राइंडरवर घासली,
पिसं कॅम्पच्या कबुतरांची.
आणि मनबहादुरनं सिमेंटच्या पोत्यावर
खुणेच्या लाल रंगानं हरीण काढलं.
शिंगं सोडली तर बोकडच.

हजेरीच्या यंत्रावर रोज पहाटे
जामसिंग अंगठा देतो.
धनुष्याला मात्र लावत नाही.
दोन बोटांत बाण,
अंगठा बाजूला, सुट्टीवर असल्यासारखा.

शुक्रवारी टँकर घेऊन म्हातारा हुमैद आला
आणि पोत्याकडे बघत उभा राहिला.
आम्ही गप्प. इथे हरणाला हात लावला
तर आधी तुरुंग, मग विमान.
त्यानं धनुष्य मागितलं, वाकवून पाहिलं,
दिशदाशाची बाही वर सारली
आणि हरणाचा कान उडवला.
मग खाली बसला. गुडघे वाजले.
मोडक्या हिंदीत म्हणाला,
माझा आजा तीन दिवस एका मादीच्या मागावर होता,
तिसऱ्या दिवशी कळलं, तीच त्याच्या मागे फिरतेय.
खरं-खोटं त्यालाच ठाऊक. हसलो मात्र सगळे.

मग गोष्ट वाट्यांवर आली.
जामसिंग म्हणाला, पहिला बाण ज्याचा, मुंडकं त्याचं,
माग काढणाऱ्याला मान,
कुत्र्याला आतडी,
आणि वाटेत जो भेटेल त्याला एक वाटा,
भांडण असलेला भेटला तरी.
शंबे म्हणाला, आमच्यात मारणारा सगळ्यांत कमी घेतो,
नाहीतर हात शेफारतो.
मनबहादुरचं म्हणणं, काळीज त्याला
ज्याच्या पायात काटा मोडला, जो मागे राहिला.
हुमैद म्हणाला, आधी ज्या घरात पुरुष नाही ते घर.

बोलून बोलून भूक लागली.
सोमाली बोकड, पस्तीस रियाल, माणशी सात.
खाटकानं कापून दिला,
आम्ही वाटायला बसलो शिकारीच्या कायद्यानं
आणि तिथेच अडलो: बाण कुणाचा?
हुमैद म्हणे, कान मी उडवला.
जामसिंग म्हणे, पोत्याचा.
शंबे म्हणे, मी मारला म्हणा, मला कमीच द्या.
मनबहादुर बूट काढून काटा शोधायला लागला.
मी तर काहीच केलं नव्हतं,
वाटेत भेटलेला म्हणून मला मांडीचा तुकडा मिळाला.

एक वाटा उरला.
मोजला होता पाचांत, झाले सहा.
कुणी काही बोललं नाही.
खंदकाची कड ढासळली त्या दुपारपासून
लोकनाथ बेहेराची खाट रिकामी आहे.
हुमैदनं तो वाटा कागदात गुंडाळला.
त्याच्या गल्लीत एक घर आहे म्हणाला.

रात्री टँकरचा नळ ठिबकत होता.
हुमैद तो कधीच नीट बंद करत नाही,
आणि का, हे मला त्या रात्री कळलं.
कुंपणाच्या फटीतून एक मादी आली, मागे पिल्लू.
चौघांचे श्वास एकदमच खाली उतरले,
एकमेकांकडे न बघता.
जामसिंगची दोन बोटं मिटली, रिकामी.
तिनं एक कान आमच्याकडे वळवला,
आणि पीत राहिली.

सकाळी यंत्रानं जामसिंगचा अंगठा ओळखला नाही.
चरबी होती.
मी हातानं लिहिलं: हजर.
दुपारी तो नवी नायलॉन दोरी मागायला आला, दोन मीटर.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं
पाइप बांधण्यासाठी,
आणि तीन मीटर दिली.