तळघरातलं अर्धं पत्र

कुओपिओच्या पालिकेत टेबलांवरच्या डब्यांना
स्वतःची आठवण नाही.
इर्मेली वर एक अक्षर दाबते,
ते दोन मजले उतरून तळघरात येतं, माझ्या सर्व्हरवर,
आणि परत चढून तिला दिसतं.
हिवाळ्यात उशिरा. ती म्हणते,
अक्षरं दारात बूट काढत बसतात.

काल रात्री उघडी खाती बंद करताना
एक जागं सापडलं: ताउनो, पाणीपट्टी.
त्याला जाऊन अकरा दिवस झाले.
‘आपली थकबाकी आम्ही’
एवढंच. पुढे कर्सर लुकलुकतोय.

बदल जतन करायचे?

इर्मेलीला घरी फोन लावला.
क्रियापदच नाही, म्हटलं.
बराच वेळ नळाचा आवाज.
मग म्हणाली, ‘माफ केली’ लिही.
त्याच्याच नावावर.

लिहिलं.
इथे खाली
अक्षरं लगेच उमटतात.