पापडखार

मोरिशिता सान शिरोलीच्या फौंड्रीत आले तेव्हा
बॅगेत अठरा पाकिटं होती.
फेब्रुवारीत अकरा उरली. होळीला एक.
ते त्यांनी फोडलं नाही, कपाटात ठेवलं,
दुखण्याखुपण्याला एखादी गोळी ठेवावी तसं.

मी त्यांची दुभाषी.
माझं जपानी पुण्यात शिकलेलं, वर्गातलं, इस्त्रीचं.
साच्याचं तापमान, वाळूतला ओलावा,
कास्टिंगला पडलेली भोकं, एवढं मला सांगता येतं.
एका शनिवारी ते म्हणाले: रामेन.
या गावात. कुठंतरी असेलच.

मग हिंडलो.
राजारामपुरीत एका पाटीवर रामेन होतं,
आत मॅगी, वर उकडलेलं अंडं, त्यावर शेव.
शेव त्यांनी फार नम्रपणे चमच्यानं कडेला सारली.
हायवेला, लाल ड्रॅगनखाली,
शेजवान चटणीचं गरम पाणी, दोनशे ऐंशी रुपये.
मालक हात पुसत यायचाच: एकदम ओरिजनल, साहेब.

मी पांढरा रस्सा पाजला.
वाटलं, सुटलं कोडं.
तीन वाट्या प्याले, घाम टिपला, म्हणाले,
उत्तम. पण हे तुमचं आहे.

राग आला मला. मग पुण्यातली चार वर्षं आठवली,
चौकाचौकात ‘अस्सल कोल्हापुरी मिसळ’
आणि तर्रीत गूळ.
पहिल्या घासाला चमचा खाली ठेवायचे,
पैसे देऊन निघायचे. सांगणार कुणाला.

पत्ता शेवटी क्रेनवाल्या सदबानं दिला:
उद्यमनगर, लेथच्या दुकानांमागं, पाटी नाही,
फक्त सोमवारी, कारखाने बंद असतात तेव्हा.
“इलाही मुजावर म्हणून विचारा. जपानला होता.
तिकडनं आल्यापासनं जरा सटकलाय.”

गल्ली गप्प होती. पायाखाली लोखंडाचा कीस.
चार स्टूल, एक पातेलं, माणूस उतरेल एवढं.
नऊ वर्षं नागोयाला.
दिवसा गाड्यांच्या दारांना रबर बसवायचा,
रात्री एका म्हाताऱ्याच्या दुकानात भांडी.
सातव्या वर्षी म्हाताऱ्यानं रश्श्याला हात लावू दिला.

“डुक्कर न्हाई हं, आधीच सांगतो.
कोंबडीची हाडं, पाये, काल रात्रीपासनं.”
आणि शेवया? “हातच्या. मैदा, पाणी, पापडखार.”
पापडखार?
“मग ताण कुठनं यायचा ताई?
लक्ष्मीपुरीत मिळतो. तिकडं त्याला दुसरं नाव, एवढंच.”

मोरिशिता सान वाडग्यावर वाकले.
आणि मी पहिल्यांदा त्यांचा भुरका ऐकला.
सहा महिने कँटीनमध्ये हा माणूस
आवाज न करता जेवत होता,
या आमच्या गावात,
जिथं भुरक्याशिवाय रस्सा खाली उतरत नाही.

इलाही पळी धरून उभा. वाडगं खाली आलं.
एक लांब वाक्य. मी तोंड उघडलं,
इलाहीनं हात वर केला: कळलं.

वाक्य असं होतं:
खरं आहे. पण माझ्या गावचं नाही.
आम्ही सप्पोरोचे, आमच्यात मिसो, लोणी, मका.

इलाही हसला, खळखळून.
“आमचा म्हातारा म्हणायचाच,
सप्पोरोवाल्याचं पोट भरतं, मन भरत न्हाई.”

पुढं ते दोघं असे सुटले
की पगारी दुभाषी असून मला निम्मं कळेना.
त्याचं जपानी मोरीवरचं, घसटलेलं, शिव्यांसकट.
स्टेशन, बोळ, बंद पडलेलं न्हाणीघर.
मधेच एक शब्द आला, नात्सुकाशी.
धडा चौदावा. अर्थ: मागचं आठवून जीव ओढणं.
मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता.
म्हणाला तो इलाही.
मोरिशिता सान नुसतेच मान हलवत राहिले,
जसं परक्या घरच्या दुखवट्याला आपण हलवतो.

माझं वाडगं निवत होतं.
मी हळूच ओढलं, शेवया ओढणीवर.
“जोरात, ताई,” इलाही मराठीत म्हणाला,
“भांडल्यासारखं.”