वहीत नसलेल्या

श्रेणिक दोन वर्षांचा झाला तेव्हा
त्याच्या आजोबांनी, आदगोंडा पाटलांनी,
त्याची पोटरी मुठीत धरून
अख्ख्या आरगेत सांगितलं : पैलवान आलाय घरात.
बदाम भिजत पडले. तालमीतली माती कपाळाला लागली.
माझ्या आईनंही ती पोटरी चाचपली
आणि विस्तवाला लागावा तसा हात मागं घेतला.

पाचव्या वर्षी तो भुईवरून उठायचा
ते गुडघ्याला धरून, मग मांडीला धरून,
आपल्याच अंगाला शिडी लावल्यासारखा.
अक्का हसून म्हणाली, खोडी बघ त्याची.
आई पानमळ्यात पानं खुडत होती,
मान वर न करता म्हणाली,
मामाच्या वळणावर गेलाय.

मामा म्हणजे माझा दादा, बाळगोंडा.
मला आठवतं ते त्याचं बाजलं
आणि दिवस मावळायच्या आत त्याला भरवायची घाई,
एकेक घास, गिळतो की नाही बघत.
एकोणिसाव्या वर्षी गेला.
लोक म्हणाले, वारं गेलं अंगावरनं.
आम्हीपण तेच म्हणालो. सोपं होतं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद घेतला.
चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई.
दादाचा चौकोन काळा केला. श्रेणिकचाही.
आईच्या गोलात मधोमध एक टिंब दिलं,
अक्काच्या गोलात एक.
कुंकू लावल्यासारख्या दिसल्या दोघी.
"बाईला सहसा काही होत नाही, ती नुसती पोचवते.
दर लेकराला निम्मी शक्यता, नाणं उडवल्यागत."
काही होत नाही, हे ऐकताना
आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.
मग पेन माझ्या गोलावर आलं आणि थांबलं.
मी दंड पुढं केला.

माघात हेळवी आला, बैलावर बसून.
आदगोंडांच्या खळ्यावर वही उलगडली :
आदगोंडा बिन तातगोंडा बिन नेमगोंडा बिन पायगोंडा,
कुठनं आले, कुठली विहीर खणली,
कुणी कुणाशी वाटणीवरनं भांडण काढलं,
अकरा पिढ्या घडाघडा.
मी विचारलं, बायका?
त्यानं चष्मा वर केला. लेकी परक्या घरच्या, बाई.
मग त्या घरच्या वहीत?
तिथं त्या सुना. सुनांचं काय लिवायचं?

माझी आई रुकडीची.
तिची आई चंपाबाई, अकिवाटची.
चंपाबाईचे दोन भाऊ मिसरूड फुटायच्या आत गेले,
एवढंच आईला ठाऊक.
चंपाबाईची आई –
इथं आई दाराकडं बघते.
एवढी लांबची वाट, गावोगावच्या मांडवांतून,
लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून आलेली,
आणि कुठल्याच वहीत ओळ नाही.
अक्काची सासू म्हणते, तुमच्याकडनं आलं.
खरं आहे तिचं.
आमच्याकडं कुणाकडनं आलं, ती बाई कोण,
कुणाला हाक मारायची?

हेळव्याची जोंधळ्याची पायली भरली. तो उठला.
श्रेणिक ओट्यावर, चाकाच्या खुर्चीत. दहावं लागलंय.
म्हणाला, मला बसवा की बैलावर.
हेळवी हसला. आमचा मूळपुरुषबी पांगळाच होता, पोरा,
म्हणून तर बैल.
आदगोंडांनी स्वतः उचललं त्याला,
जुन्या पैलवानाच्या हातांनी, एका दमात.
एकानं इकडनं धरलं, एकानं तिकडनं.
खळ्याला एक फेरा. मग आणि एक.

माझ्या पर्समध्ये मिरजेचा लखोटा, अजून न फोडलेला.
फाल्गुनात मला बघायला येणार आहेत.

बैलाच्या दोन्ही कुशींवर
त्याच्या पोटऱ्या झुलत होत्या,
अजून तशाच, भरलेल्या.
आजोबा तिकडं बघत नव्हते.
कासरा धरून पुढं बघत चालले होते.