बारावा टेक

फिल्मसिटीच्या मागच्या उतारावर
आठ दिवसांत एक पाडा उभा राहिला.
कारवीचे कुड, वर गवत,
दाराशी प्लास्टिकची कोंबडी.
माझ्या भावाला रोजचे नऊशे मिळणार होते
आदिवासी होण्याचे.
तो होताच.
तरी तोंडाला काळं फासलं,
कमरेला पानं बांधली.

मग तो पाडा जाळला.
अकरा वेळा विझवून पुन्हा गवत चढवलं,
धूर नीट येत नव्हता म्हणून.
बाराव्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्रीपासून काकड्या झोपेना.
उठून आमच्याच कुडावर पाणी मारायचा,
"जळतंय गं, पाडा जळतोय."
भिंत ओली, मी जागी,
आणि समोरच्या टॉवरमध्ये विसाव्या माळ्यावर
कुणाचा तरी टीव्ही निळा निळा.
पुढे त्याने बोलणंच टाकलं.

जोगेश्वरीच्या दवाखान्यात
केसपेपरवर लिहिलं, काकडे वरठा.
काकडे नाही, काकड्या, मी म्हटलं.
"तेच ते," खिडकीतला म्हणाला.
डॉक्टरीण मात्र बरी.
पांढरी सकाळी, अर्धी पिवळी रात्री,
आणि विचारलं, याआधी घरात कुणाला झालंय असं?
मी नाही म्हटलं.
बाहेर बाकावर आठवलं:
जमीन दूध कॉलनीत गेली तेव्हा
आजा तीन महिने
म्हशींच्या गोठ्याच्या भिंतीशी बोलत होता.

भगताने सुपात तांदूळ घोळले,
दाणा दाणा बाजूला केला.
"गोळ्या बंद करू नका," म्हणाला.
"गोळी झोप आणील.
पण झोपायला माणूस घरी पाहिजे ना?
तो तिथंच राहिलाय, उतारावर, पानं बांधून."

मथीमावशी धवलेरी.
लग्नाचा चौक तिच्याशिवाय लिहून होत नाही.
ती त्याच्या उशाशी बसून सांगू लागली,
कणसरी रुसली आणि मुंगीच्या बिळात गेली.
लोकांनी हाका मारल्या,
राणी म्हणून, आई म्हणून, ढोल बडवून.
येईना.
मग एका आंधळ्या म्हातारीने
बिळाशी तोंड नेलं
आणि तिचं पाळण्यातलं नाव घेतलं, हळूच.

मला वाटतं, ही गोष्ट तिने त्याच संध्याकाळी रचली.
विचारलं तर म्हणाली,
"रचली तं काय झालं?
औषध पण कोणीतरी रचतंच."

आम्ही तिघं उतारावर गेलो.
वॉचमनने अडवलं.
पाड्याच्या जागी आता कोर्ट होतं, अर्धं रंगवलेलं.
मावशीने तारेला तोंड लावलं,
"काकड्या रं, चाल घरा."
तो माझ्या शेजारीच उभा होता,
तरी मान वळवून
कोण येतंय ते बघू लागला.

घरी गेरूची भिंत, वाटीत तांदळाचं पीठ कालवलेलं.
मावशी झोपड्या लिहीत राहिली,
माणसं, तारपा, ताड,
एका झोपडीचं दार सोडून.
चार दिवस तो नुसता बघत होता.
पाचव्या दिवशी बांबूची काडी उचलली,
दाराच्या जागेशी एक कोंबडी काढली.
"ही जळली नाय," तो म्हणाला.
"वितळली."

अजून तो रात्री उठतो.
माठातून तांब्या भरतो, पितो.
उरलेलं कुडावर मारतो,
थोडंसंच.